अ‍ॅस्पिरीन : हृद्‌रोगप्रतिबंधक उपयोग

वेदनाशामक म्हणून परिचित असलेले अ‍ॅस्पिरीन अल्प मात्रेत घेतल्यास रक्तातील बिंबाणूंची परस्परांस चिकटण्याची प्रवृत्ती कमी होते. बिंबाणूंना केंद्रक नसल्यामुळे निकामी झालेले एंझाइम त्यांना पुन्हा तयार करता येत नाही. म्हणून हा परिणाम त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस, टिकतो. हृद्‌विकाराचा झटका वा गुठळीजन्य पक्षाघात पूर्वी येऊन गेलेल्या रुग्णांना हा गुण उपकारक ठरतो. निरोगी व्यक्तींची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरील चाचणीत (१९८९) दिवसाआड ३२५ मिग्रॅ. मात्रेने हृद्‌विकाराचे झटके ४४ टक्क्यांनी घटले, पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू घटले नाहीत. गवगवा पहिल्या आकड्याचाच झाला. पुढे ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ वृद्धांवरील चाचणीत (२०१८) रोज १०० मिग्रॅ. मात्रेने हृद्‌रोगांत लक्षणीय घट आढळली नाही. गंभीर रक्तस्रावाचे वार्षिक प्रमाण मात्र दर हजारी ६.२ ऐवजी ८.६ भरले. रोहिणीतील गुठळी रोखणारी क्रियाच जठरातील व्रणाचा वा मेंदूतील फुटलेल्या वाहिनीचा रक्तस्राव थांबू देत नाही. त्यामुळे साठीनंतर केवळ प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरीन सुरू करू नये, अशी शिफारस अमेरिकेतील प्रतिबंधक सेवाविषयक तज्ञमंडळाने २०२२ मध्ये केली. झटका येऊन गेलेल्यांनी ते परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे असते.