पहिल्या पावसातील शिकार

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की गोव्याच्या वनखात्याने रात्रीची गस्त वाढविल्याची आणि बेडूक पकडणाऱ्यांना ताकीद दिल्याची बातमी वृत्तपत्रांत येते. यंदाही ती आली आणि वाचकांनी ती वाचलीच असेल. काही खानावळींत ‘जंपिंग चिकन’ म्हणून जे ताटात वाढले जाते ते काय असते, हेही आता कोणापासून लपून राहिलेले नाही. बातमीत सहसा न येणारी गोष्ट आहे ती या शिकारीच्या रीतीची. ती कशी साधते आणि नेमकी याच पंधरवड्यात का साधते, हे ध्यानी घेतल्यावाचून कायद्याने इतकी कडक मनाई का केली याचा उलगडा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शास्त्रज्ञ ज्याला होप्लोबॅट्राकस टायगरिनस म्हणतात तो आपल्या भातखाचरांतला मोठा बेडूक उन्हाळ्याचे कोरडे महिने मातीत स्वतःला गाडून घेऊन कंठतो, आणि पहिला दमदार पाऊस पडून खाचरांत, चरांत व सड्यावरच्या खोलगट जागांत पाणी साचले की नर एकदमच बाहेर पडून त्या पाण्याकाठी जमतात. एरवी चिखलाच्या आणि गवताच्या रंगात मिसळून जाणारे त्यांचे अंग या काळात पिवळेजर्द होते, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार ध्वनिपिशव्या फुगतात, आणि जो प्राणी वर्षभर दृष्टीआड राहून जगतो तोच मादीला आपला ठावठिकाणा कळावा म्हणून रात्रभर ओरडत उघड्यावर बसतो. मादीला उद्देशून घातलेली ही साद माणसाच्याही कानी पडते.

शिकाऱ्याजवळ फारसे काही नसते. पूर्वी गॅसबत्ती असे, आता डोक्याला बांधायची बॅटरी असते, आणि खांद्यावर गोणपाटाची पिशवी. तो आवाजाच्या रोखाने बांधावरून अनवाणी चालतो. पावलांच्या चाहुलीने ओरडणे थांबले की तोही थांबतो, पुन्हा सुरू झाले की दोन पावले पुढे सरकतो. आणि पुरेसा जवळ पोहोचल्यावर बत्तीचा झोत एकदम डोळ्यांवर धरतो. अंधारात ते डोळे चकाकतात आणि प्रखर उजेडाने दिपलेला बेडूक काही क्षण जागीच खिळून राहतो. तेवढ्या अवधीत मागून हात घालून कमरेपाशी आवळायचे, कारण पुढून धरलेला बुळबुळीत बेडूक मागच्या पायांच्या एका झटक्यासरशी निसटतो. पाठीवर नर घेऊन बसलेली मादी हाती लागली तर एका झडपेत दोन जीव पिशवीत जातात, आणि हजारोंनी घातली जाणारी अंडी त्या पाण्यात पडतच नाहीत.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात रात्री बुलफ्रॉग मारणे हा सनदशीर छंद आहे, म्हणून तिकडे जाऊन आलेले आपल्यातले काहीजण असा प्रश्न करतात की, आपणही परवाने का देऊ नयेत? तेथे हंगाम ३० जूनच्या सूर्यास्तापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत चालतो. परवानाधारकाला दिवसाकाठी ८ बेडकांची मर्यादा असते. लांब काठीच्या टोकाला अणकुचीदार दाते बसविलेले हत्यार, धनुष्य, हातजाळी किंवा नुसते हात वापरण्याची, आणि बत्तीचीही, मुभा असते. नियम चांगले आहेत. परंतु ते त्या बेडकाच्या जीवनक्रमावर बेतलेले आहेत. अमेरिकन बुलफ्रॉग बारमाही तळ्यांत राहतो, त्याचा विणीचा काळ उन्हाळ्याच्या कित्येक आठवड्यांवर पसरलेला असतो, आणि हंगाम खुला होईतो त्याचा बराचसा भाग उलटून गेलेला असतो. आपल्या बेडकाचे असे नाही. त्याची वीण पहिल्या पावसाच्या मोजक्या रात्रींत आटोपते, आणि तो सहजी हाती लागतो तोही त्याच रात्रींत. पुढे तो पांगतो, मुका होतो, रंग टाकतो आणि शोधूनही सापडणे कठीण होते. विणीचा काळ वगळून हंगाम ठरवावा तर शिकार साधणार नाही, आणि शिकार साधावी असा हंगाम ठरवावा तर वीण उद्ध्वस्त होईल. सबब परवान्याची कोणतीही तरतूद येथे न्यायाची ठरत नाही.

ही जाण आपल्या देशाला फार मोठी किंमत मोजून आली. १९८१ च्या सुमारास भारतातून वर्षाला ४००० टनांहून अधिक बेडकांच्या तंगड्या परदेशी रवाना होत, आणि त्यासाठी जिवंत बेडकाचे मागचे पाय कापून उरलेले धड तडफडत टाकून दिले जाई. या व्यापाराविरुद्ध ज्यांनी लेखणी उचलली त्यांत मुंबईचे हुमायून अब्दुलअली अग्रभागी होते, आणि त्यांचे नाव आज मराठी वाचकांना पुरेसे ठाऊक नसावे याची मला मनापासून खंत वाटते. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते मानद चिटणीस होते. तेथील पक्षिसंग्रहाची सूची त्यांनी वर्षानुवर्षे खपून सिद्ध केली. आणि मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते स्वतः शिकारी होते, आणि शिकारीच्या मर्यादा शिकाऱ्याइतक्या दुसऱ्या कोणास नीट कळतात? सोसायटीच्या नियतकालिकात १९८५ साली त्यांनी बेडकांच्या निर्यातीचा सविस्तर परामर्श घेतला. निर्यातविरोधकांचा हिशेब सरळ होता: जो प्राणी खाचरातील किडे आणि बांध पोखरणारे खेकडे फुकटात खातो, तो विकून परकीय चलन मिळवायचे आणि तेच चलन कीटकनाशकांवर खर्च करायचे, यात देशाचा लाभ कोणता? १९८७ साली निर्यात बंद झाली, आणि युरोपच्या मागणीचा भार पुढे इंडोनेशियाकडे वळला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. हा बेडूक जागतिक सूचीत संकटग्रस्त गणला जात नाही, आणि अंदमानात तर माणसाने नेऊन सोडल्यावर तो इतका माजला की तेथील लहान जीवांना त्याचा उपद्रव होतो. परंतु अंदमानातली विपुलता गोव्यातल्या सत्तरीच्या वा काणकोणच्या एखाद्या वाडीतील रिकाम्या झालेल्या खाचराची भरपाई करीत नाही.

कायदा अपुरा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, जखमी करणे, शरीराचा भाग काढून घेणे, इतकेच नव्हे तर त्यासाठी केलेला प्रयत्नही त्यात मोडतो. २०२२ च्या दुरुस्तीने सामान्य गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा २५,००० रुपयांवरून १ लाखावर गेली असून कैद ३ वर्षांपर्यंत होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे कलम ५७ आहे: असे मांस कोणाच्या ताब्यात असल्याचे खटल्यात सिद्ध झाले की ते बेकायदेशीरच समजले जाते आणि तसे नाही हे शाबीत करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. तरीही अंमलबजावणीचा सारा भर शेतात बॅटरी घेऊन हिंडणाऱ्या पोरावर पडतो, हे मला अन्यायाचे वाटते. त्या पोराला चार पैसे देणारा गिऱ्हाईक पक्क्या इमारतीत बसलेला असतो, त्याच्या शीतपेटीत माल दिवसचे दिवस राहतो, आणि पंचनाम्यासाठी चिखल तुडवावा लागत नाही. वनखात्याने पहिल्या पावसाच्या पंधरवड्यात निम्मी माणसे बांधावर आणि निम्मी खानावळींच्या मुदपाकखान्यांत पाठवावी. आणि रात्री शेतात फिरणाऱ्या बत्त्या ज्याच्या दृष्टीस पडतील त्याने त्या लोकांशी हुज्जत न घालता जागा व वेळ टिपून जवळच्या वनकार्यालयास तत्काळ, म्हणजे त्याच रात्री, कळवावी.