एलसीआर मीटर 'ठीक' म्हणतो, तरी चोक का फसतो?

दिंद्रुडच्या एखाद्या शेतातला सौर पंप डोळ्यासमोर आणा. मोटर बोअरमध्ये खोल, म्हणजे केबल लांब. केबल आणि जमीन यांच्यात नकळत एक कपॅसिटर तयार होतो. इन्व्हर्टरच्या प्रत्येक स्विचिंगला त्यातून थोडा करंट जमिनीत उतरतो आणि पॅनेलच्या फ्रेममार्गे डीसी तारांतून परत येतो. हा कॉमन मोड करंट.

तो अडवायला डीसी बाजूच्या फिल्टरमध्ये चोक असतो: एकाच फेराइट रिंगवर दोन गुंडाळ्या. पंपाच्या मुख्य करंटचा फ्लक्स त्यात जवळजवळ रद्द होतो, कॉमन मोडचा होत नाही. आणि फेराइट साधारण ०.४ टेस्लाला सॅच्युरेट होतं. १०० अंश सेल्सिअसला त्याच्याही बरंच आधी. मग इंडक्टन्स कोसळतो, चोक म्हणजे नुसती तार उरते.

एलसीआर मीटरला हे दिसत नाही, कारण तो अगदी छोट्या सिग्नलवर मोजतो. टेबलावर चोक ठणठणीतच असतो! प्रबंधात फक्त तो आकडा दिलात तर परीक्षक अडवणार, आणि त्यांनी अडवावंच.

माझी पसंती जादा वेढ्याला. रिंगवर चांगल्या इन्सुलेशनच्या तारेचा एक वेढा घ्या, ऑसिलोस्कोपला जोडा. प्लस-मायनस दोन्ही तारा एकत्र करंट प्रोबमधून न्या, म्हणजे फक्त कॉमन मोड दिसेल. करंटला सुळका आला आणि त्याच क्षणी वेढ्याचं व्होल्टेज शून्याकडे पडलं, तर कोर भरला. नुसत्या सुळक्यावर विसंबू नका, तो केबलच्या रिंगिंगनेही येतो.

वेढ्याच्या व्होल्टेजचं इंटिग्रल भागिले कोरच्या छेदाचं क्षेत्रफळ, की फ्लक्स डेन्सिटीतला बदल थेट टेस्लामध्ये मिळतो. हिशेब आधीच करून ठेवा: १० वेढे, १ चौरस सेंटिमीटर छेद, ०.३ टेस्ला मर्यादा, तर शून्यापासून सुरू करून चोक ३०० व्होल्ट फक्त १ मायक्रोसेकंद झेलतो. एवढंच!

एक मेख आहे. मुख्य करंटचा रद्द न झालेला डीसी फ्लक्स या वेढ्याला दिसत नाही, पण कोरमधली जागा तो खातोच. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात एकदा आणि भर दुपारी, पूर्ण करंटवर, कोर तापलेला असताना पुन्हा मोजा. केबलही बोअरइतकीच लांब घ्या. प्रयोगशाळेतल्या दोन मीटर तुकड्यावर हा दोष बहुधा उगवतच नाही.