बोट सुरू करताय? आधी लाल दोरी!

वीकेंडला खाडीत रपेट मारायचा प्लॅन आहे? मग मशीनला हात लावण्याआधी दोन मिनिटं हे वाचाच!

ऑफिसातली पाचजणांची गँग, तारकर्लीचं बुकिंग आणि कुणाच्या तरी मामाची छोटी फायबरची होडी. मागे लावलेलं आउटबोर्ड मशीन दिसलं की ग्रुपमधला एखादा हिरो बाह्या सरसावतोच. ‘त्यात काय, बाइकला किक मारल्यासारखं!’

नाही बॉस. हात सुटला तर बाइक आडवी पडते. होडीतून माणूस पडला तरी होडी चालतच राहते. बऱ्याचदा गोल फिरून पुन्हा त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ नेमकं हेच झालं. सहाजणांचं कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकलं गेलं आणि मोकळी बोट त्यांच्यावरच आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. इंजिन बंद करणारी दोरी बोटीत होती, पण चालवणाऱ्याला अडकवलेली नव्हती.

हीच ती ‘किल कॉर्ड’. जुन्या फोनच्या वायरसारखी, बहुधा लाल. एक टोक मशीनच्या स्विचला, दुसरं तुमच्या पायाला किंवा मनगटाला. तुम्ही पडलात की क्लिप निघते आणि इंजिन बंद! अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून बहुतेक छोट्या मोटरबोटींवर वेगात जाताना ती वापरणं सक्तीचं आहे.

आता क्रमाने चला :

* लाइफ जॅकेट घाला, बकल लावा. सगळ्यांनी!

* सुटी टाकी काठावर उतरवून भरा. सिगरेट लांब. सांडलेलं पेट्रोल पुसा, वास जाऊ द्या.

* मशीनचे स्क्रू घट्ट आहेत ना? पंखा पूर्ण पाण्यात हवा, आसपास पोहणारं कुणी नको.

* टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पाइपवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा.

* गिअर न्यूट्रल, लाल दोरी अंगाला, थ्रॉटल ‘स्टार्ट’वर. मशीन थंड असेल तर चोक ओढा.

* उभं राहून झटके नकोत. नीट टेकून बसा, मागे कुणाचं तोंड तुमच्या कोपराच्या टप्प्यात नाही ना, बघा. दोरी अडकेपर्यंत हळू, मग एकदम जोरात ओढा आणि हाताने सावकाश परत जाऊ द्या.

सुरू झालं? चोक हळूहळू आत ढकला आणि मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार येतेय का, ते बघा. धार नाही म्हणजे कूलिंग नाही. लगेच बंद करा. मग एकदा मुद्दाम लाल दोरी खेचा. मशीन बंद पडलं तरच पुढे निघा.

आणि दोरी सापडतच नसेल तर? ती मिळेपर्यंत मस्तपैकी काठावर बसून सोलकढी प्या!