दरवाजातलं पाणी

आमच्या पद्मिनी गाडीच्या दरवाजाचं आतलं पॅनल मी दोनदा करून घेतलं. पहिल्यांदा एका दुकानात, झकास चॉकलेटी रेक्झिन लावून. मे महिन्यात काम झालं आणि गणपतीत पाहते तर खालची कड फुगलेली, क्लिपा निसटलेल्या, हात लावला की भुसा सांडतोय. पैसे गेलेच, पण खरी हळहळ वाटली ती मूळच्या पॅनलची. ते त्या दुकानाने फेकून दिलं होतं.

गाडी आमच्या अण्णांची, १९८६ ची. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. १९६४ पासून ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायची, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. उत्पादन केव्हाच थांबलं, मुंबईतली पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेव्हा खोक्यातून नवंकोरं पॅनल येईल ही आशा सोडायची. आहे ते वाचवायचं.

दुसऱ्या वेळी मी गाडी आमच्या रत्नागिरीतल्या एका कुशनवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी रेक्झिनच्या नमुन्यांकडे पाहिलंही नाही. काच वर केली, मगभर पाणी काचेवर ओतलं आणि दरवाजाखाली वाकून बघत राहिले.

"ताई, पाणी आत जातंय ना, जाऊ दे. ते बाहेर येतंय का ते बघा."

बाहेर येत नव्हतं.

मला वाटायचं, दरवाजात पाणी शिरतं म्हणजे काहीतरी बिघडलंय. तसं नाही. काचेलगतची रबरी पट्टी बरंचसं पाणी अडवते, पण सगळं नाही. उरलेलं काचेवरून दरवाजाच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून खाली गळून जातं. दरवाजाची रचनाच तशी असते. पत्रा आणि पॅनल यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, आतले शिंतोडे पॅनलवर येऊ नयेत म्हणून. आमच्या दरवाजाची भोकं लाल मातीने लिंपल्यासारखी बंद होती. आणि कागद? काचेची यंत्रणा दुरुस्त करताना कुणीतरी फाडला, तो पुन्हा लावलाच नाही. कित्येक जुन्या गाड्यांत हेच आढळतं.

पॅनल म्हणजे तीनेक मिलिमीटरचा हार्डबोर्ड, त्यावर पातळ फोम, वरून रेक्झिन. हार्डबोर्ड लाकडाच्या तंतूंचा. खालच्या कडेला ओल लागली की दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी ती वर चढते. बोर्ड फुगतो, क्लिपांची भोकं फाटतात, मग पॅनल खडखडू लागतं. रेक्झिनचा शत्रू वेगळा, ऊन. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू उडून जातं, रेक्झिन आक्रसतं आणि कडेला तडकतं.

उरलेली तीन पॅनलं आम्ही जपून काढली. काच फिरवायचं हँडल ओढून निघत नाही. त्याच्यामागची चकती आत दाबून बघावं लागतं; कुठल्या गाडीत बारीक पिन असते, कुठल्या गाडीत घोड्याच्या नालासारखी क्लिप. पॅनलच्या क्लिपा ज्या पट्टीने उचकटायच्या ती अगदी क्लिपेला लागून सरकवायची, दूरवरून जोर दिला की बोर्ड फाटतो. कुजका बोर्ड कितीही वाईट दिसो, तो टाकायचा नाही. तोच फर्मा. चाचांनी तो नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीने भोकन् भोक उतरवून घेतलं. फेकलेल्या पॅनलसाठी समोरच्या बाजूचं पॅनल उलटं ठेवून आखणी केली.

मग व्हार्निश. दोन्ही बाजूंना तर लावलंच, पण चाचांचा वेळ गेला तो कडांवर आणि भोकांच्या आत. एवढासा ब्रश घेऊन त्यांनी प्रत्येक भोक आतून रंगवलं, कारण कापलेल्या कडेतूनच ओल आत शिरते. चिकटवायचं सोल्यूशन बोर्डाला आणि रेक्झिनला, दोन्हीकडे लावलं. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले. या दहा-पंधरा मिनिटांची घाई केली की पुढे उन्हात फुगे येतात. रेक्झिन मधून कडेकडे दाबत नेलं, कोपऱ्यात मागच्या बाजूने त्रिकोणी काप दिले म्हणजे घड्या जाड होत नाहीत.

कारखान्यात उष्णतेने दाबून उठवलेल्या रेघा हाताने जमत नाहीत. चाचांनी तिथे शिलाई घातली. मला ती आवडली. नक्कल करण्यापेक्षा शिवणाऱ्याचा हात दिसलेला बरा. टाक्यांची भोकं मात्र मागून बंद करून घेतली.

सगळ्यात शेवटी, पॅनल बसवायच्या आधी, नवा प्लास्टिकचा कागद. त्याचं खालचं टोक दरवाजाच्या आत सोडलं, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी आतच पडतं.

आता मृग लागायच्या आधी मी तारेने चारही दरवाजांची भोकं मोकळी करते आणि प्रत्येक काचेवर मगभर पाणी ओतते. मागच्या डाव्या दरवाजाचं पाणी जरा उशिरा येतं. त्याच्यापाशी थोडा वेळ बसावं लागतं.