टेम्पोचा खर्च वहीत कसा धरायचा?

दिवाळीत धंद्यासाठी आठ लाखांचा टेम्पो घेतला, म्हणून त्या वर्षीच्या नफ्यातून आठ लाख वजा होत नाहीत. गाडी ही मालमत्ता; तिची किंमत घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे खर्ची पडते. मूळ किमतीत नोंदणी, रस्ता कर, वर बांधून घेतलेली बॉडी हेही धरायचे. विमा मात्र चालू खर्च.

समजा, सगळे मिळून ८,५०,००० झाले. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीला प्राप्तिकरात १५ टक्के घसारा मिळतो, भाड्याने चालवण्याचा धंदा असेल तर ३०. पण खरेदीच्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर दर निम्मा. दिवाळीची खरेदी यातच सापडते: १,२७,५०० ऐवजी ६३,७५०. पुढच्या वर्षीचा घसारा उरलेल्या ७,८६,२५० वर.

कर्जावर घेतली असेल, तर सर्वाधिक घोळ हप्त्यांचा. अख्खा हप्ता खर्चात टाकणारे पुष्कळ भेटतात. खर्च फक्त व्याजाचा, मुद्दल म्हणजे कर्जाची परतफेड. मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचे क्रेडिट नियमित नोंदणी असलेल्याला सहसा मिळते. ते घेतले, तर तेवढी रक्कम मूळ किमतीत धरता येत नाही. मालकाच्या मोटारीवर बहुधा हे क्रेडिटच नसते.