रोजेदाराच्या लघवीतले कीटोन

रमजानच्या दिवसांत देऊळगाव राजातल्या एखाद्या रोजेदाराने संध्याकाळी लघवी तपासायला दिली, तर रिपोर्टात ‘कीटोन’पुढे अधिकचे चिन्ह दिसू शकते. नवरात्रात कडक उपवास धरणाऱ्या बालाजीभक्ताचाही रिपोर्ट असाच येईल. पोटात अन्न नसले की शरीर साठवलेली चरबी जाळते, त्यातून यकृतात कीटोन तयार होतात. साखर ठीक असेल तर घाबरण्याचे कारण नाही. इफ्तारनंतर जेवण झाले की ते ओसरतात.

मधुमेहात मात्र हेच चिन्ह धोक्याचे ठरू शकते. रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिन नसल्याने ती पेशींत शिरत नाही. कोठार भरलेले आणि घर उपाशी, अशी गत. मग चरबी जळत राहते, कीटोन साचतात, रक्त आम्लधर्मी होते. खूप तहान, उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास. अनेकदा घरचे लोक सहेरीचे अन्न बाधले समजून ओवा देत बसतात. तेवढा वेळ हाती नसतो. थेट दवाखाना गाठावा.

जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. शुद्ध केलेल्या औषधानंतर त्याच्या लघवीतले कीटोन नाहीसे झाले. म्हणूनच ‘आज खायचे नाही, मग इंजेक्शन कशाला?’ हा हिशेब जिवावर बेततो. डोस किती आणि कधी, हे रमजानआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच. त्यांच्यात साखर फारशी न वाढताही कीटोन वाढू शकतात.

बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे: बरे झाल्यावर कजा, आणि आजार कायमचा असेल तर फिदिया. टाइप 1 मधुमेहींनी ही सवलत कमीपणाची मानू नये.

लघवीत बुडवायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात; कीटोन जितके जास्त, तितका रंग जांभळा. डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, दमट हवेत पट्ट्या खराब होतात.