पाऊणशे वर्षांचा कारभार

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानालगत ड्रूस्टेनटन हे छोटे खेडे आहे. तिथल्या चर्चशेजारी गवताने शाकारलेला ‘ड्रू आर्म्स’ हा जुना पब उभा आहे. त्याची कीर्ती देशभर पसरली ती मेबल मज यांच्यामुळे. १९१९ मध्ये त्यांनी पती अर्नेस्ट यांच्यासह तो चालवायला घेतला आणि १९९४ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, तो सोडला.

त्या आल्या तेव्हा पबचे नाव ‘ड्रुइड आर्म्स’ होते. किराणा दुकानांच्या साखळीतून गडगंज झालेले ज्यूलियस ड्रू यांनी जवळच्या कड्यावर १९११ पासून ‘कासल ड्रोगो’ बांधायला घेतला. वास्तुविशारद होते नवी दिल्ली घडवणारे एडविन लट्येन्स. किल्ला १९३० मध्ये पुरा झाला. दरम्यान पबलाही ड्रू घराण्याचे नाव मिळाले होते.

पहिल्या महायुद्धात शस्त्रास्त्र कारखान्यांतल्या कामगारांच्या दारूला आळा घालण्यासाठी सरकारने दुपारी पब बंद ठेवायला लावले होते. युद्ध संपले, तरी दुपारची ही बंदी १९८८ पर्यंत उठली नाही. म्हणजे मेबलबाईंच्या कारभाराची बहुतेक वर्षे या शिस्तीत गेली. पती गेल्यावरही त्यांनी पब सोडला नाही. पिंपांतून थेट काढलेली बिअर आणि साधी बाकडी एवढ्यावर तो चालत राहिला. सारे गाव त्यांना ‘आंटी मेबल’ म्हणे.

त्या निवृत्त झाल्या आणि पबची सारी भिस्त एकाच माणसावर होती, हे गावाला कळून चुकले. जुने रूप जपण्यासाठी गावकरी एकवटले. पुढे चालक बदलत गेले आणि अलीकडे तर दाराला कुलूप लागले. तेव्हा गावकऱ्यांनीच संस्था काढली, भांडवल जमवले आणि पब विकत घेतला. अशा खरेदीला इंग्लंडमध्ये २०११ च्या एका कायद्याचे बळ आहे. सामुदायिक ठेवा म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीला निघाली आणि गावाने खरेदीची इच्छा कळवली, तर पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते.

मेबलबाईंसारखा पाऊणशे वर्षांचा कारभार पुन्हा कुणाच्या हातून होणे कठीण. पण तशा एका माणसाची वाट पाहत बसण्यापेक्षा गावाने मालकी स्वतःकडे घेतली, हेच मला या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.